‘आजारी असाल तर घरी राहा’ हा ऑनलाइन कोर्स: आठ महिन्यांनंतर

कळंगुटच्या एका हॉटेलात मी किचन सुपरवायझर आहे. जूनमध्ये हा कोर्स सगळ्या स्टाफच्या मोबाइलवर आला. अंगात ताप किंवा पोटात गडबड असेल तर कामावर येऊ नका, एवढाच विषय. पावसाळा, चवथ आणि डिसेंबरचा सीझन काढून झाल्यावर लिहितोय.

पहिले दोन भाग पाहिले नाहीत तरी चालेल. काचेच्या केबिनमध्ये शिंकणारा साहेब आणि खाली सल्ला, ‘घरून काम करा’. सुरमई घरून कशी तळायची, तेही सांगा म्हणावं! मराठी इतकी जड की पोरं हिंदी लावूनच बघतात. कोकणी नाहीच. आमच्या तंदूरवाल्याने तर अंगात कणकण असताना, ड्युटीवर बसूनच कोर्स पुरा केला. मार्क पैकीच्या पैकी.

उलट्या-जुलाबांचा भाग मात्र कामाचा आहे. नोरोव्हायरस झालेल्याला बरं वाटलं तरी त्याच्या पोटातून विषाणू जातच राहतो. म्हणून जुलाब थांबल्यावरही 48 तास अन्नाला हात लावायचा नाही. शिवाय त्याला सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. इतकी वर्षं किचनमध्ये काढून मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे एक गोळी घेतली की माणूस परत शेगडीपुढे.

मला खरा झटका दिला तो सुपरवायझरांच्या भागाने. सकाळी सहाचा फोन: ‘सर, रात्रभर पोट बिघडलंय.’ खाली तीन उत्तरं. मी निवडलं, ‘बघ, जमलं तर ये.’ लाल फुली. राग आला, यात जबरदस्ती कुठे आहे? मग महिनाभर स्वतःकडेच लक्ष ठेवलं. ‘जमलं तर ये’ ऐकून एकही जण घरी राहिला नाही. पेडण्याचा एक पोरगा तर वाटेत दोनदा स्कूटर थांबवून ओकला आणि वेळेवर पंच करून कांदा कापायला बसला. आता मी सरळ सांगतो, ‘येऊ नको, तुझ्या ड्युटीचं मी बघतो.’

डिसेंबरात कोर्सची मर्यादा कळली. कॉन्ट्रॅक्टवरचा भांडी धुणारा, ‘येऊ नको’ सांगूनही चार वाजता हजर. चेहरा पांढराफटक, सिंकला धरून उभा. म्हणाला, ‘शेफ, रोज बुडाला तर खोलीचं भाडं कोण देणार?’ महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयकडून, म्हणजे सरकारी कामगार विम्याकडून, आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के भत्ता मिळतो खरा, पण पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आणि पोट बिघडतं तेच मुळी दोन-तीन दिवस! यावर कोर्समध्ये एक स्लाइड नाही. ‘एचआरशी बोला’ म्हणे. बोललो. कायम स्टाफला आता दोन दिवसांपर्यंत डॉक्टरचा कागद मागत नाहीत. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं अजून कॉन्ट्रॅक्टरच्या टेबलावर पडून आहे.

पाचपैकी तीन. सुपरवायझरांचा भाग सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या.