येझदीची जुनी टाकी आणि उद्यमनगरातील एक चोख कार्यशाळा

मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला नवा रंग चढवून देणारे पेंटर गावोगावी सापडतात. आधी टाकीचे पोट दुरुस्त करून मगच रंगाला हात घालणारे मात्र फार थोडे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या छोट्या कार्यशाळेकडे मी माझ्या येझदी रोडकिंगची टाकी सोपवली, ती या दुसऱ्या वर्गात मोडते. हाती आधीच पुरेशी कामे असल्याने नाव छापू नये, अशी चालकांची विनंती होती. ती मी पाळत आहे.

येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील उत्पादन १९९६ साली थांबले, त्यामुळे त्या काळातील कोणतीही टाकी आज जवळपास तीन दशकांची किंवा त्याहून जुनी असते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी, नेमके पेट्रोल सोडणाऱ्या कॉकच्या आसपास साचते आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते. माझ्या टाकीच्या खालच्या सांध्यातून पेट्रोल पाझरत होते आणि उजव्या कुशीला दोन पोचे होते. या जुन्या टू-स्ट्रोक येझदीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंजावर चिकट काळपट थर बसतो. हा थर न काढता वरून ॲसिड ओतले, तर ते गंजापर्यंत नीट पोहोचतच नाही. इथे पहिले काम तेच झाले: ग्रीस काढणारे द्रावण आणि गरम पाणी घालून टाकी वारंवार खळखळवण्यात आली, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावरचा तेलाचा तवंग नाहीसा होईपर्यंत पुढचे पाऊल उचलले गेले नाही.

गंज काढण्यासाठी अनेक ठिकाणी सरसकट मिठाचे (हायड्रोक्लोरिक) ॲसिड वापरतात. ते झपाट्याने काम करते हे खरे, परंतु गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, आणि धुतल्यानंतर काही मिनिटांतच उघड्या लोखंडावर पुन्हा तांबूस झाक चढते. या कार्यशाळेत त्याऐवजी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीजप्रवाह सोडण्याची पद्धत वापरतात. टाकी चार्जरच्या ऋण टोकाला जोडली जाते, धन टोकाला जोडलेली लोखंडी सळई टाकीच्या पत्र्याला न टेकता तोंडातून आत लोंबत ठेवली जाते, आणि गंज सुटत असताना निरोगी पत्र्याला धक्का लागत नाही. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून टाकी मागच्या मोकळ्या अंगणात ठेवली होती. सळईच्या समोर न येणाऱ्या कोपऱ्यांत जो गंज उरला, त्याच्यासाठी शेवटी सौम्य फॉस्फोरिक ॲसिड वापरण्यात आले.

पाझरणाऱ्या सांध्याला गॅसवर पितळी जोड दिला. त्याआधी टाकी जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरून घेतली होती, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील पेट्रोलची वाफ ज्योतीजवळ स्फोट घडवू शकते. ही खबरदारी त्यांनी न सांगता घेतली, एवढ्यावरूनच कारागिराची पारख व्हावी. जोड दिल्यावर आत अगदी कमी दाबाची हवा भरून सांध्यावर साबणाचे पाणी फिरवले, आणि एकही बुडबुडा आला नाही.

आतून दोन घटकांचे इपॉक्सी अस्तर द्यायचे की नाही, यावर मात्र आमची चर्चा झाली. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ते सोसण्यासाठी न बनवलेली अस्तरे सुटून त्यांचे पापुद्रे कार्ब्युरेटरपर्यंत जातात. पत्रा शाबूत असेल तर अस्तर देऊ नये, असे चालकांचे मत पडले आणि ते मला पटले. स्वतःचे बिल कमी करणारा सल्ला देणारा दुकानदार विरळाच.

बाहेरच्या कामातही पाया पक्का आहे. पोचे आतून जमतील तेवढे उचलून घेतल्यामुळे लांबी (खड्डे भरणारी पुट्टी) अगदी पातळ लागली. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक मी टाकीच्या कुशीवरून फिरवले, तेव्हा ते दुरुस्त केलेल्या जागीही पत्र्याला घट्ट धरून राहत होते. जाड लांबीवर ते सैल पडते. इपॉक्सी प्रायमर, सरफेसर, काळा रंग आणि वर टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, असा क्रम ठेवला होता. झाकणाभोवती पेट्रोल सांडतेच, आणि साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तिथे लवकर उठतो. या क्लिअरवर सांडलेले पेट्रोल पुसल्यावर डागही राहिला नाही.

उणिवा दोन आहेत. डाव्या बाजूला, गुडघा टेकतो त्याच्या थोडे वर, क्लिअरचा थर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसला होता. दाखवून दिल्यावर त्यांनी वॉटर पेपरने घासून बफिंग करून दिले, परंतु हे गाडीमालकाने दाखवून देण्याची वेळ यायला नको होती. दुसरी उणीव सोनेरी रेघांची. त्या हाताने न ओढता टेप लावून फवारल्या आहेत आणि वळणावर त्यांची जाडी बदलते. ज्यांना कारखान्यासारखी रेघ हवी आहे, त्यांनी क्लिअर चढण्यापूर्वी टाकी एखाद्या जुन्या पाटी रंगवणाऱ्याकडे न्यावी. कार्यशाळेची त्याला हरकत नसते.

सर्व मिळून साडेआठ हजार रुपये झाले, जे केवळ रंगकामाच्या दरापेक्षा बरेच जास्त आहेत. ज्यांच्या टाकीचा पत्रा आतून स्वच्छ आहे आणि फक्त रंग उडाला आहे, त्यांनी इथे एवढा खर्च करण्याचे कारण नाही. पाझरणाऱ्या किंवा गंजलेल्या टाकीसाठी मात्र मी हीच जागा सुचवेन. टाकी नेण्यापूर्वी पेट्रोल पूर्ण काढावे, कॉक आणि झाकण घरीच उतरवून ठेवावे, आणि मूळ रंग बदलायचा असल्यास आरसी पुस्तकातील नोंदीबाबत आरटीओत आधी विचारून घ्यावे. पावसाळ्यात ते क्लिअरची फवारणी टाळतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात दिलेले काम रेंगाळते.