भूल न देता कुत्र्याचे दात साफ करून देणाऱ्यापासून सावध रहा

4,298 रुपये गेले. 2,500 दात साफ करायचे आणि 899 ची एक अशा दोन स्प्रेच्या बाटल्या. लिहायला लाज वाटतेय, मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण तो माणूस अजून जळगाव-भुसावळकडे फिरतोय म्हणून लिहितोय.

आमचा मोती पॉमेरेनियन, 8 वर्षांचा. महिनाभर तोंडाला इतका वास की माय रोज म्हणायची, "तेना तोंडना वास येस रे." मे महिन्याचं ऊन, सरकारी दवाखान्यात दोनदा गेलो तर डॉक्टर दौऱ्यावर, आणि त्यात कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला की घरी येऊन दात साफ, भूल नाही, 20 मिनिटात काम. तुम्ही पण बोलावलंच असतं.

मोतीला टॉवेलात मीच धरलं. त्याने लोखंडी हुकने पिवळा थर खरडला, रक्त आलं तर म्हणे खराब रक्त जातंय, चांगलंच आहे. तेव्हा पोरगी बोलली, पप्पा, यांनी दातांची आतली बाजू केलीच नाही. मी तिलाच गप्प केलं. 12 वर्षांच्या पोरीला दिसलं आणि मी यूपीआयचा पिन टाकत होतो, हे अजून डोक्यातून जात नाही.

तीन आठवड्यात मोतीच्या डोळ्याखाली सूज. नाशिकला नेला, भूल देऊन एक्स-रे काढला तर वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू. दोन दाढा काढल्या, 11,400 रुपये. डॉक्टर म्हणाले खरा रोग हिरडीखाली असतो, जागं कुत्रं तिथे हात लावू देत नाही, वरून खरडलं की फक्त दिसायला छान आणि दातावर चरे पडून घाण अजून लवकर धरते. आणि नुसता वास म्हणून दातच धरून बसू नका, किडनीच्या आजारात पण येतो, रक्त तपासा.

पोलीस स्टेशनला गेलो तर, "सर, कुत्र्याच्या दातासाठी तक्रार?" आणि मागे हसले. तिथून एका सरकारी ऑफिसात पाठवलं, लेखी अर्ज द्या, दिला, साहेब मीटिंगला, सोमवारी या, सोमवारी गेलो तर अर्ज दुसऱ्या टेबलावर, चौथ्या चकरेला उत्तर काय तर तो माणूस नोंदणीकृत डॉक्टर नाही म्हणून आमच्याकडे येत नाही. अहो, तो डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार आहे! मग परत पोलिसात जा म्हणे.

घरी येणाऱ्याला आधी व्हेटरनरी कौन्सिलचा नोंदणी नंबर विचारा, मी विचारला नाही. पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला की तिथेच थांबवा. स्प्रेवर काय काय घातलंय ते छापलेलं नसेल तर तोंडात मारूच नका, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) कुत्र्याला विष आहे, माझ्या बाटलीवर तर बॅच नंबरपण नव्हता. आपली टूथपेस्ट पण नको, कुत्र्यांची वेगळी मिळते, रोज ब्रश करा.

काल त्याचं स्टेटस पाहिलं. रविवारी सकाळी 9 वाजता पाचोऱ्याला कॅम्प आहे.