सांबा फाइल सर्व्हर: प्रोटोकॉल आवृत्त्यांच्या नियंत्रणाचे परीक्षण

लिनक्सच्या यंत्रावरून विंडोजच्या संगणकांना सामायिक फोल्डर पुरवणाऱ्या सांबाचे काम अँड्र्यू ट्रिजेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये सुरू केले. एसएमबी, म्हणजे विंडोज ज्या नियमावलीने नेटवर्कवर फाइल देते-घेते, त्या प्रोटोकॉलच्या कोणत्या आवृत्त्या सर्व्हरने स्वीकाराव्यात, हे सांबा प्रशासकाला कितपत नेमकेपणाने ठरवू देतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

सारा कारभार सांबाच्या सेटिंगच्या फाइलमधील, साऱ्या सर्व्हरला लागू होणाऱ्या ग्लोबल विभागातल्या दोन ओळींवर चालतो: ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ आणि ‘सर्व्हर मॅक्स प्रोटोकॉल’. जोडणी होताना दोन्ही बाजूंना येणारी सर्वांत वरची आवृत्ती आपोआप निवडली जात असल्यामुळे कमाल मर्यादेला सहसा हात लावू नये, असे सांबाची मॅन पेजही (सोबत येणारी माहितीपुस्तिका) सांगते. तरीही जुन्या मार्गदर्शिकांवरून उतरवलेली ‘मॅक्स प्रोटोकॉल = एसएमबी२’ ही ओळ अनेक सर्व्हरवर अजून तशीच आढळते, आणि एसएमबी३ सोबत आलेल्या एन्क्रिप्शनला तिच्यामुळे विनाकारण मुकावे लागते.

सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या ४.११ या आवृत्तीत सांबाने किमान मर्यादा मुळातच एसएमबी२_०२ वर नेली आणि एसएमबी१ बंद केले, हा मला या सुविधेतला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या त्रुटीवरून पसरला ती मायक्रोसॉफ्टच्या एसएमबी१ सर्व्हरमधली होती, सांबातली नव्हती. परंतु विंडोजच्या संगणकांना ज्या प्रोटोकॉलवर एन्क्रिप्शन मिळत नाही आणि ज्याच्या वाटाघाटीत कोणी मध्ये शिरून ढवळाढवळ केली तर ती पकडण्याची सोय नाही, तो विचारल्याशिवाय चालू न ठेवणे हेच योग्य होते.

नावांच्या बाबतीत मात्र जपून राहावे लागते. नुसते ‘एसएमबी३’ लिहिले की सांबा त्याचा अर्थ एसएमबी३_११ असा घेतो. त्यामुळे हे मूल्य किमान मर्यादेत टाकताच विंडोज १० चालते, पण ३.०.२ पर्यंतच पोहोचणारे विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ बाहेर पडतात. त्यांना आत ठेवायचे असेल तर एसएमबी३_०० असे स्पष्ट लिहावे लागते. एवढा महत्त्वाचा फरक नावातून दिसत नाही, हे मला खटकते.

खरी उणीव याहून मोठी आहे. एन्क्रिप्शन प्रत्येक शेअरला वेगळे लावता येते, पण किमान आवृत्ती साऱ्या सर्व्हरसाठी एकच असते. म्हणजे स्कॅन केलेली कागदपत्रे फोल्डरमध्ये टाकणारे एखादे जुने झेरॉक्स मशीन फक्त एसएमबी१ बोलत असेल, तर त्याच्यासाठी किमान मर्यादा एनटी१ वर (सांबात एसएमबी१ चे नाव) आणावी लागते आणि लेखा विभागाच्या फोल्डरचे दारही त्याच वेळी किलकिले होते. शिवाय तेवढ्याने भागतेच असे नाही. मशीन एनटीएलएम या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीनेच ओळख पटवत असेल, तर ‘एनटीएलएम ऑथ’ हे सेटिंग देखील सैल करावे लागते. अशा मशीनसाठी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर, फक्त स्कॅनच्या फोल्डरपुरता दुसरा सांबा चालवावा, किंवा स्कॅन ईमेलने पाठवण्याची सोय वापरावी. मुख्य सर्व्हर खाली ओढू नये.

तपासणीची साधने उत्तम आहेत. सेटिंगची फाइल तपासणारी टेस्टपार्म ही आज्ञा नुसती चालवल्यास मूळ मूल्यावर राहिलेल्या ओळी दिसत नाहीत, म्हणून ‘-व्ही’ हा पर्याय जोडावा. एसएमबीस्टेटस ही आज्ञा चालू जोडण्यांच्या यादीत प्रत्येक जोडणीपुढे तिची प्रोटोकॉल आवृत्ती दाखवते. सेटिंग बदलल्यावर चालू जोडण्या जुन्याच आवृत्तीवर राहतात, त्यामुळे बदलाचा परिणाम नव्या जोडणीवरच पाहावा. किमान मर्यादा वाढवण्यापूर्वी ही यादी महिनाअखेर धरून पाहत राहावी, कारण काही यंत्रे फक्त हिशेबाच्या दिवसांतच सर्व्हरला जोडली जातात.