अडकलेला पॉवर अँटेना: नुसती दांडी बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

माझ्या गाडीला पॉवर अँटेना आहे, म्हणजे रेडिओ लावला की मोटरने आपोआप वर येणारा आणि बंद केला की आत जाणारा. तो बिघडला तेव्हा रेडिओ लावला की मागच्या फेंडरमधून, म्हणजे चाकावरच्या पत्र्यामागून, 'कट-कट-कट' असा आवाज यायचा आणि दांडी जेमतेम वीतभर वर येऊन थांबायची. दहा-बारा सेकंद तो आवाज चालू राहायचा, मग शांतता. रेडिओ बंद केला की पुन्हा तेच. गाडी १९९६ सालची, आधी बाबांची, आता माझी. लहानपणी मी डिकीपाशी उभी राहायचे आणि माझ्यासाठी बाबा मुद्दाम रेडिओ दोनदा चालू-बंद करायचे. त्यामुळे 'हा काढून टाका, काचेवर चिकटवायचा अँटेना लावा' हा सल्ला कितीही जणांनी दिला तरी मला पटणार नव्हता. दुरुस्तीला आता आठ महिने झालेत. अँटेना रोज वर-खाली होतोय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी आत काय असतं ते सांगते, कारण हे कळलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. दांडी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. सगळ्यात आतल्या बारीक सळईच्या टोकाला नायलॉनची दातेरी दोरी जोडलेली असते. फेंडरच्या आत मोटर आणि तिच्याशेजारी एक गोल डबी. मोटरचा गिअर दोरीच्या दात्यांना धरून तिला वर ढकलतो, खाली ओढतो, आणि खाली आलेली दोरी त्या डबीत वेटोळं होऊन बसते. दांडी पूर्ण वर किंवा पूर्ण खाली गेली की आतला क्लच, म्हणजे ताण वाढला की सुटणारा जोड, घसरतो, म्हणजे मोटरवर ताण येत नाही. मला ऐकू येणारी कटकट ती हीच. दांडी वाटेतच अडकत होती, आणि मोटर आपली वेळ संपेपर्यंत बिचारी दोरीला रेटत होती.

आवाजावरून दुखणं बरंचसं ओळखता येतं. कटकट येते आणि दांडी हलत नाही, तर दांडी वाकली आहे किंवा मळाने जाम झाली आहे. मोटर गुळगुळीत फिरल्याचा आवाज येतो पण दांडी ढिम्म, तर दोरी तुटली आहे किंवा तिचे दाते झिजलेत. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, रिले (इशारा मिळाला की मोटरला करंट देणारा स्विच), वायर, आणि सगळ्यात शेवटी मोटर. लोक मात्र सुरुवातच मोटरपासून करतात.

माझी खरी चूक म्हणजे कटकट ऐकू येत असताना मी रेडिओ वापरत राहिले. तीन आठवड्यांनी कटकट थांबली, मला वाटलं सुटली बहुतेक. सुटली नव्हती. दाते सोलवटून दोरीच तुटली होती. अँटेना अडकलाय हे कळल्या दिवशीच त्याचा फ्यूज काढून ठेवला असता, तर साफसफाईवर भागलं असतं. तुमच्या गाडीत हा आवाज आज येत असेल, तर बाकीचं नंतर वाचा, आधी फ्यूज काढा. तो रेडिओच्याच लाइनवर असेल तर मोटरचा प्लग काढा.

एका गॅरेजमध्ये 'मोटर गेली, अख्खा सेट बदला' असं सांगून कोणत्याही गाडीला चालणारा म्हणून मिळतो तसला अँटेना बसवायचा प्रयत्न झाला. फेंडरचा उतार वेगळा, त्यामुळे दांडी मागे झुकलेली दिसायची. शिवाय त्याची खालची नळी लांब, ती आतल्या पत्र्याला टेकत होती. भोक मोठं करू का, असं विचारल्यावर मी गाडी परत आणली. फेंडरचं भोक एकदा मोठं केलं की मूळचा अँटेना परत कधीच नीट बसत नाही.

घरी मल्टिमीटर लावून बघितलं. माझ्या गाडीत मोटरला तीन वायरी येतात. एकीवर कायम बॅटरीचा करंट, एक अर्थ, आणि एक रेडिओकडून येणारी इशाऱ्याची. पहिलीवर १२.४ व्होल्ट. तिसरीवर रेडिओ लावला की १२, बंद केला की शून्य. मोटर दोन्ही दिशांना फिरत होती, म्हणजे रिलेही शाबूत. मग अख्खा सेट कशाला? फक्त दांडी आणि दोरी मिळते, ती मागवली.

दोरी आधीच तुटली नसती तर काम वरूनच झालं असतं. वरचा नट सोडायचा, रेडिओ लावायचा, मोटरच जुनी दांडी दोरीसकट बाहेर ढकलते. माझ्या दोरीचा तुकडा आत अडकलेला, म्हणून डिकीचं अस्तर काढून, खालचा बोल्ट आणि अँटेनाची केबल सोडून सगळी जोडणी बाहेर घ्यावी लागली. डबीचं झाकण तीन स्क्रूंवर होतं. झाकण काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला, ते फार उपयोगी पडलं. आत पिवळ्या मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस, त्यात रुतलेले नायलॉनचे दाते, तांदळाच्या कण्यांएवढे. ते दाताच्या काडीने एकेक काढले. एक दाता जरी गिअरखाली राहिला तर नवी दोरी पुन्हा तिथेच अडकणार. गिअरला पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. दोरीला काहीही लावलं नाही.

आता मापाचं. नवी दोरी बहुतेक वेळा मुद्दाम लांब दिलेली असते, आपल्या गाडीच्या मापाने कापायला. मी जुन्या दोरीचे तुकडे फरशीवर एकापुढे एक लावले, तुटलेली टोकं जुळवली, शेजारी नवी दोरी ठेवून खूण केली. लांब राहिली तर डबीत मावत नाही, आखूड झाली तर दांडी पूर्ण वर जात नाही. कापण्याआधी तीनदा मोजलं.

दोरी आत घालायला दोन माणसं लागतात. बाबा रेडिओपाशी बसले, मी डिकीमागे.

"बाबा, लावा!"

"लावला गं."

मोटर दोरी सोडायच्या दिशेने फिरून थांबली. मी दोरी नळीत खोल सरकवली.

"आता बंद करा!"

"केला. ओढतेय का?"

ओढत नव्हती. नुसती घरघर. दाते गिअरकडे तोंड करून नव्हते. पुन्हा रेडिओ लावला, दोरी अर्धा फेरा फिरवली, पुन्हा बंद करायला सांगितलं, आणि हातात एकदम हिसका बसला. मासा गळाला लागल्यावर बसतो तसा. दांडी हातातून सरसर खाली गेली. वर पाच-सहा बोटं राहिली, पण नट घट्ट करून दोन-तीनदा वर-खाली केल्यावर ती आपोआप बसली. बाबा उतरून मागे आले आणि काही न बोलता बराच वेळ दांडीकडे बघत राहिले.

आवाजातला फरक पहिल्याच दिवशी कळला. एफएमची लहर १०० मेगाहर्ट्झला ३ मीटर लांब असते आणि दांडीला तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते. वीतभर दांडीवर जवळची स्टेशनं लागतात, दूरची खरखरतात. मिडियम वेव्हची लहर शेकडो मीटरची, तिथे तर दांडीचा प्रत्येक इंच कामाचा. त्यातही एक गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. नटाखालच्या वॉशरचे दाते फेंडरच्या उघड्या पत्र्यात रुतले पाहिजेत. माझ्या इथे गंज होता. पॉलिश पेपरने तेवढीच कड घासली, अर्थ नीट मिळाला, आणि इंजिन चालू असताना येणारी बारीक शिट्टी गेली.

दुसऱ्या महिन्यात मी दांडीला तेल लावलं, चांगलं म्हणून. आठवड्यात धूळ चिकटून काळा लेप झाला आणि दांडी मंदावली. सगळं अल्कोहोलने पुसून काढावं लागलं. आता दर पंधरा दिवसांनी दांडी वर करून कोरड्या फडक्याने वरून खाली पुसते. कधीतरी फडक्यावरच सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा. बास. वाकलेली नळी शोधायलाही ही पुसणी उपयोगी पडते, बोटाला लगेच लागते.

चौथ्या महिन्यात मोठ्या पावसानंतर दांडी पुन्हा दमल्यासारखी चढायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. पण कारण भलतंच निघालं. मोटरच्या डबीखाली पाणी निघायची रबरी नळी असते, ती चिखलाने बुजली होती. तार घालून मोकळी केली, जवळजवळ अर्धा कप पाणी आलं. जुन्या गाड्यांत मोटरी गंजतात त्या अशा. वर्षातून एकदा ही नळी बघाच.

बाहेरचा स्टिरिओ बसवलेला असेल तर त्याच्या मागची वायरही तपासा. साधारणपणे निळी वायर अँटेनाची असते आणि निळी-पांढरी अँप्लिफायरची. स्टिरिओमागे आयएसओ सॉकेट, म्हणजे ठरावीक क्रमांकांच्या पिनांचा प्लग, असेल तर त्यात अँटेनाची जागा ए-५. माझ्या गाडीत अँटेना निळ्या-पांढऱ्याला जोडलेला होता, म्हणजे पेन ड्राइव्हवर गाणी लावली तरी दांडी वर. किती वर्षं ती विनाकारण वर-खाली होत होती देव जाणे. वायर बदलल्यापासून रेडिओ लावला तरच हलते.

सगळंच उत्तम आहे असं नाही. नव्या दांडीच्या टोकाची गोळी मूळच्यापेक्षा थोडी वेगळी, त्यामुळे बंद असताना एक सेंटिमीटर बाहेर राहते. वर-खाली होतानाचा आवाजही मूळच्यापेक्षा किंचित मोठा आहे. गाडी ब्रशच्या धुलाईत घालण्याआधी रेडिओ बंद करायचं मात्र आठवणीने सांभाळावं लागतं. धुणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली दिली तर त्यालाही सांगते.

ज्यांना रेडिओ फारसा ऐकायचा नाही, त्यांनी दांडी खाली बसवून फ्यूज काढून टाकला तरी चालेल, गाडीचं काही बिघडत नाही. पण मोटर फिरत असेल तर ती फेकू नका. मी आणखी एक दांडी आणून ठेवली आहे. दोरीचं माप तिच्या पिशवीवर लिहून, पिशवी डिकीच्या अस्तरामागे.