बेघरांचं विलगीकरण: शाळा की लॉज?

स्टेशनबाहेर झोपणाऱ्याला ‘घरीच थांबा’ सांगून काय उपयोग? साथीत त्याला १४ दिवस ठेवायचं, तर सोलापूर महापालिकेपुढे दोन वाटा दिसतात: स्वतःच्या शाळा, नाहीतर रिकाम्या लॉजच्या खोल्या.

शाळेला भाडं नाही, देखरेखही सोपी. पण एका वर्गात दहा गाद्या टाकल्या की तो निवारा होतो, विलगीकरण नव्हे. एक जण बाधित निघाला तर बाकी नऊ जणांना धोक्यात आपणच ढकललं. संडास सामाईक. त्यात एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार. पत्र्याखालच्या वर्गातून माणूस दुपारीच निघून गेला तर दोष कुणाचा?

लॉजमध्ये दार लागतं, संडास-न्हाणी खोलीतच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट रूमकी’तून हेच केलं: ओस पडलेल्या हॉटेलांत बेघरांना खोल्या, पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्राकडून. आपल्याकडेही आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ नुसार जागा ताब्यात घेता येते. मोबदला कलम ६६ नुसार. मालक कुरकुरणार, हे धरूनच चालावं.

खर्च अर्थात लॉजचाच जास्त. तरी लक्षणं असलेल्यांना आणि बाधितांच्या संपर्कातल्यांना खोलीच द्यावी, असं माझं स्पष्ट मत. दारू अचानक तुटलेल्या किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाला मात्र बंद खोलीत एकटं सोडू नये. त्याच्यासाठी शाळेतला वेगळा वर्ग, दारात परिचारिका. उरलेल्यांना शाळा चालेल, गाद्यांत अंतर ठेवून.