खरेदीखत, रीट की टोकन: मालमत्तेत पैसे गुंतवण्यापूर्वी करावयाची तुलना

मालमत्तेत पैसे गुंतवू पाहणाऱ्यापुढे आज तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग जुनाच आहे: सदनिका, गाळा किंवा जमीन स्वतःच्या नावे विकत घ्यावी आणि खरेदीखत नोंदवावे. दुसरा मार्ग रीटचा आहे, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या आणि शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या संस्थेत हिस्सा घेण्याचा. तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांतला: एखाद्या इमारतीतील हिश्श्याचे टोकन, म्हणजे त्या हिश्श्याचे संगणकीय प्रमाणपत्र, घ्यावे, ज्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर राखलेल्या सामाईक नोंदवहीत राहते. याशिवाय सरकारी भूमी नोंदणीच ब्लॉकचेनवर नेण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. तो गुंतवणुकीचा वेगळा मार्ग नाही. त्याचा परिणाम पहिल्या मार्गावर होतो. टोकन विकणारे मात्र या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच दमात सांगतात आणि नोंदणीची विश्वासार्हता नकळत टोकनच्या खात्यावर जमा होते. म्हणून आधी नोंदणीचा विचार करणे योग्य ठरेल.

नोंदणी: साखळी काय राखते आणि काय राखत नाही

ब्लॉकचेनमध्ये नोंदींचे गठ्ठे एकामागून एक जोडले जातात, प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण असते, आणि या साऱ्याच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. त्यामुळे एकदा झालेली नोंद नंतर कोणी गुपचूप बदलली तर ते लपून राहत नाही. ज्या कार्यालयात जुन्या तारखेने पान बदलले जाण्याची भीती असते, तेथे हा लाभ मोठा आहे. परंतु मालमत्तेतील फसवणूक बहुतेक वेळा नोंद होण्यापूर्वीच झालेली असते: बनावट मुखत्यारपत्र, एकाच जागेचे दोघांशी केलेले सौदे, लपवलेला बोजा, एखाद्या वारसाला वगळून केलेली विक्री. यांपैकी दुबार विक्री तत्काळ नोंदणीमुळे बरीचशी रोखता येते. बाकीचे सारे साखळीत जसेच्या तसे उतरते, आणि चुकीची नोंदही तितकीच घट्ट बसते.

प्रत्यक्ष अनुभव हेच सांगतो. जॉर्जिया या देशाने २०१६ मध्ये बिटफ्युरी या कंपनीबरोबर काम सुरू केले आणि मालकीहक्काच्या दस्तांचे हॅश बिटकॉइनच्या साखळीवर नोंदवले जाऊ लागले. तेथील नोंदणी आधीच सुधारलेली आणि संगणकीकृत होती. साखळीने तिच्यावर आणखी एक मोहोर उमटवली, इतकेच. होंडुरासमध्ये नोंदणीच अविश्वसनीय होती, म्हणजे गरज खरी होती, पण २०१५ मध्ये गाजावाजा झालेला तेथील प्रकल्प पुढे सरकला नाही. स्वीडनच्या भूमी नोंदणी संस्थेने २०१६ पासून बँका आणि तंत्रज्ञान कंपन्यांसोबत प्रयोग केले, २०१८ मध्ये एका व्यवहाराचे प्रात्यक्षिकही झाले, तरीही देशाची नोंदवही त्या साखळीवर गेली नाही. ज्या नोंदवहीवर लोकांचा विश्वास आहे तिला साखळीची निकड नसते आणि जिच्यावर विश्वास नाही तिच्यात साखळीवर चढवण्याजोगा स्वच्छ मजकूर नसतो, ही या प्रयोगांतली अडचण मला तांत्रिक अडचणींपेक्षा मोठी वाटते.

खरेदीदारासाठी खरा फरक वेगळ्याच प्रश्नाने पडतो: आपल्या देशात सरकार मालकीची हमी देते, की केवळ दस्त नोंदवून घेते? १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने जी पद्धत आली, तिच्यात नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक असतो आणि नोंदणीतील चुकीमुळे कोणाचे नुकसान झाले तर भरपाईची तरतूद असते. अशा ठिकाणी ब्लॉकचेन आली काय किंवा न आली काय, खरेदीदाराच्या सुरक्षिततेत फारसा फरक पडणार नाही. जेथे फक्त दस्ताची नोंद होते, तेथे विक्रेता खरोखर मालक होता का, हे पूर्वीचे दस्त तपासूनच ठरते, आणि ती तपासणी वकिलाकडून करून घेण्याला कोणतेही तंत्रज्ञान आज पर्याय देत नाही.

व्यवहार पार पाडण्याच्या टप्प्यावर मात्र सुधारणा खरी आहे. पैसे आधी की दस्त आधी, हा खरेदीतील जुना पेच आहे, आणि त्यासाठी मध्यस्थाकडे रक्कम ठेवावी लागते. ठरलेल्या अटी पूर्ण होताच आपोआप चालणारी आज्ञावली, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, रक्कम आणि हक्क यांची अदलाबदल एकाच क्षणी करू शकते. अट एवढीच की नोंदणी कार्यालय आणि बँक दोघेही त्या यंत्रणेत असावेत. आज्ञावली चुकली तर काय होते, हेही लक्षात ठेवावे: २०१६ मध्ये एथेरियम या ब्लॉकचेनवरील ‘द डीएओ’ या निधीच्या आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख ईथर (त्या साखळीचे चलन) वळते करण्यात आले आणि ते परत मिळवण्यासाठी साखळीच दोन शाखांत विभागली गेली. चलनाच्या बाबतीत असे दोन इतिहास शेजारी शेजारी नांदू शकतात. एका भूखंडाचे दोन मालक नांदू शकत नाहीत. न्यायालयाने विक्री रद्द ठरवली तर नोंद बदलण्याचा अधिकार कोणाकडे तरी असावाच लागतो, आणि तो असला की साखळीवर कोणाची सत्ता चालत नाही हा दावा उरत नाही.

टोकन घेतल्यावर हातात काय येते

निर्णयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. खरेदीखत नोंदवणाऱ्याच्या हाती मालमत्ता येते: तो तेथे राहू शकतो, भाड्याने देऊ शकतो, तारण ठेवू शकतो, पाडून पुन्हा बांधू शकतो. टोकन घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एका कंपनीतील हिस्सा येतो. इमारत त्या खास स्थापलेल्या कंपनीच्या नावे असते, टोकन कंपनीतील वाट्याचे प्रतिनिधित्व करते, आणि टोकनधारक व इमारत यांच्यामध्ये कंपनी, तिचे संचालक, व्यवस्थापक आणि विक्रीचा मंच असे चार दुवे उभे राहतात. ब्लॉकचेन फक्त शेवटचा दुवा पारदर्शक करते, म्हणजे टोकन कोणाकडे किती आहे हे दाखवते. इमारतीचे छत गळते आहे का, कर भरला आहे का, भाडेकरू टिकले आहेत का, यांतले काहीही साखळीवर दिसत नाही.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. २०२१ मध्ये प्रॉपी या कंपनीच्या मंचावर युक्रेनमधील कीव येथील एका सदनिकेचा एनएफटी, म्हणजे एकमेव असलेले, दुसऱ्याशी अदलाबदल न होणारे टोकन, लिलावात विकला गेला, तेव्हा वस्तुतः हस्तांतर झाले ते सदनिका ज्या अमेरिकी कंपनीच्या नावे होती त्या कंपनीच्या मालकीचे. २०१८ मध्ये कोलोरॅडोतील ॲस्पेन येथील सेंट रेजिस हॉटेलमधील हिश्श्याची टोकन विकून १.८ कोटी डॉलर उभारले गेले. ती विक्री रोखे कायद्याच्या चौकटीत, पात्र ठरलेल्या सधन गुंतवणूकदारांपुरती होती. रिअलटी ही कंपनी २०१९ पासून प्रामुख्याने अमेरिकेतील डेट्रॉईट शहरातील घरांची टोकन जगभरच्या लहान गुंतवणूकदारांना विकत आली. जुलै २०२५ मध्ये शहर प्रशासनाने या कंपनीशी संबंधित चारशेहून अधिक मालमत्तांच्या दुरवस्थेबद्दल तिच्याविरुद्ध दावा दाखल केला. दाव्यातील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु हजारो मैलांवर बसलेल्या, प्रत्येकी अल्प हिस्सा असलेल्या टोकनधारकांना ती घरे कशा अवस्थेत आहेत हे साखळी पाहून कळण्याचा मार्ग नव्हता, एवढे निश्चित.

दुबईने २०२५ मध्ये निवडलेली रचना वेगळी आहे आणि माझ्या मते ती अधिक आश्वासक आहे. तेथे शासकीय भूमी विभागच सहभागी आहे, टोकनवरील हिस्सा विभागाच्या नोंदणीशी जोडलेला आहे, आणि सुरुवातीच्या टप्प्यात किमान गुंतवणूक २,००० दिरहम ठेवून ती तेथील ओळखपत्रधारकांपुरती खुली करण्यात आली. नोंदणी अधिकारी स्वतः मागे उभा असणे आणि एखाद्या खाजगी कंपनीने इमारतीचा हिस्सा विकणे, या दोहोंना बाजारात टोकन हे एकच नाव आहे. गुंतवणूकदाराने मात्र त्यांना दोन स्वतंत्र गोष्टी मानावे.

कायद्याची बाजू दिसते त्यापेक्षा जुनी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांचे प्रकरण आले होते. कंपनी बागेचे पट्टे लोकांना विकत असे आणि बहुतेक खरेदीदार लागवडीची व विक्रीची जबाबदारी तिच्याशी संबंधित संस्थेवरच सोपवत. दुसऱ्याच्या श्रमातून नफा मिळेल या अपेक्षेने सामाईक उद्योगात पैसे घातले तर तो गुंतवणुकीचा करार ठरतो, असा निर्णय झाला आणि जमिनीच्या तुकड्यांची ही विक्री रोख्यांच्या कायद्याखाली आली. टोकनच्या वर्णनाशी हे वर्णन तंतोतंत जुळते. परिणामी अशा टोकनवर ओळख पडताळणी, खरेदीदाराची पात्रता आणि फेरविक्रीपूर्वीची मुदत अशी बंधने येतात, आणि कोणीही, कोठूनही, कधीही विकावे या आश्वासनाला तेवढी कात्री लागते.

रीटशी तुलना

छोट्या रकमेतून मोठ्या इमारतीत हिस्सा, ही टोकनच्या बाजूने सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट आहे. ती रीटने फार पूर्वी साधली. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने रीट अस्तित्वात आले आणि पुढे अनेक देशांनी ती पद्धत स्वीकारली. अमेरिकी नियमानुसार करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग धारकांना वाटावा लागतो. लेखापरीक्षित हिशेब जाहीर करणेही सूचिबद्ध रीटना बंधनकारक असते. एका रीटमध्ये अनेक इमारती असल्याने एखादी रिकामी पडली तरी उत्पन्न थांबत नाही. एका घराच्या टोकनमध्ये एक भाडेकरू गेला की उत्पन्न शून्य होते.

विक्रीची सोय हा दुसरा मुद्दा आहे. घर विकण्यास महिने लागतात, सूचिबद्ध रीटमधील हिस्सा बाजाराच्या वेळेत विकता येतो, आणि टोकन तत्त्वतः दिवसरात्र विकता येते. परंतु तांत्रिकदृष्ट्या हस्तांतर होऊ शकणे वेगळे आणि योग्य भावाने घेणारा मिळणे वेगळे. एका घराच्या टोकनना ग्राहक मोजकेच असतात, आणि पुष्कळदा एकमेव भरवशाचा खरेदीदार म्हणजे स्वतः विकणारा मंच असतो, जो अडचणीच्या काळात पुनर्खरेदी थांबवू शकतो. रीटचा दोष उलट दिशेचा आहे: भाव रोज शेअर बाजाराबरोबर हलतो, त्यामुळे इमारतींची स्थिती उत्तम असतानाही गुंतवणूक घसरलेली दिसू शकते. कोणती इमारत घ्यायची हेही रीटमध्ये आपल्या हाती नसते. टोकनमध्ये ती निवड करता येते, आणि ज्याला एखाद्या शहराची, वस्तीची खरी माहिती आहे त्याच्यासाठी हा गुण मोलाचा आहे.

कोणी काय निवडावे

राहण्यासाठी जागा हवी असेल तर खरेदीखताला पर्याय नाही. दीर्घ मुदतीचे गृहकर्जही त्याच मार्गावर मिळते. नियमित उत्पन्न हवे, देखभालीची जबाबदारी नको आणि गरज पडल्यास काही दिवसांत पैसे मोकळे करता यावेत, अशी अपेक्षा असेल तर आजच्या स्थितीत मी रीटला स्पष्टपणे वर ठेवीन. करांचे नियम प्रत्येक देशात निराळे असल्याने त्यांचा हिशेब सल्लागाराकडून करून घ्यावा. टोकन अशा व्यक्तीने घ्यावे जिला विशिष्ट इमारतीत छोटा हिस्सा हवा आहे, जी ती रक्कम अनेक वर्षे अडकून राहिली तरी चालवून घेऊ शकते आणि जी विक्रीपत्रक संपूर्ण वाचण्यास तयार आहे.

त्या पत्रकात पहिल्यांदा पाहावे ते इमारत कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर बोजा आहे का, आणि ते मंचाच्या संकेतस्थळावर न पाहता सरकारी नोंदणी कार्यालयात पाहावे. त्यानंतर टोकनधारकाला कंपनीचा भागधारक मानले आहे, सावकार मानले आहे की केवळ भाड्यातील वाट्याचा हक्कदार मानले आहे, हे तपासावे, कारण कंपनी बुडाल्यास मिळणारी रक्कम यावरच ठरते. व्यवस्थापक बदलण्याचा अधिकार धारकांना आहे का, आणि मंच बंद पडला तर मालकांची यादी कोण सांभाळणार, हे लिहिलेले नसेल तर तेथेच थांबावे.

वारसांचा प्रश्नही खरेदीपूर्वीच सोडवावा. घर आणि रीटमधील हिस्सा वारसांकडे जाण्याची कायदेशीर वाट ठरलेली आहे. टोकन ज्या वॉलेटमध्ये, म्हणजे संगणकीय पाकिटात असते त्याची खाजगी किल्ली, म्हणजे ते उघडणारा गुप्त संकेत हरवला, तर खुल्या स्वरूपाचे टोकन कायमचे हातचे जाऊ शकते. नियमनाखालील अनेक टोकनमध्ये जारी करणारी कंपनी जुने टोकन रद्द करून नवे देऊ शकते. मात्र मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काची कागदपत्रे सादर केल्यावर ती तसे करण्यास बांधील आहे, असे कलम करारात असल्याची खात्री सहीपूर्वी करून घ्यावी.