स्क्रीनवर लाल चौकट आली आणि माझे १७,७९९ रुपये गेले. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या दुकानदारांनी वाचा

खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लोक उताऱ्याची प्रिंट काढायला येतात, ऑफिसचे अर्ज कन्नडमध्ये टाईप करून घेतात, लग्नसराईत पत्रिका असतात, एका बाजूला मराठी तर पाठीमागं कन्नड. त्यामुळे टायपिंगला मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी, ही दोन्ही सॉफ्टवेअरं आणि त्यांचे फॉन्ट लागतातच. आणि ह्या फॉन्टच्या भानगडीतूनच पुढचं सगळं झालं.

एका गिऱ्हाईकानं नुडीत टाईप केलेली जुनी फाईल आणली, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशी करून पाहिजे होती. मी कन्व्हर्टर शोधत एका साईटवर गेलो तर तिथं पाच-सहा हिरवी डाऊनलोडची बटणं, खरं कुठलं ते कळेना, आणि वर एक छोटी चौकट की तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा. गिऱ्हाईक समोर उभं होतं, गडबडीत दाबलं. फाईल मिळाली नाही ती नाहीच, मी पण ते विसरून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकट यायला लागली. पाच व्हायरस सापडले, तुमचं सबस्क्रिप्शन संपलं, लगेच रिन्यू करा. त्यावर एका मोठ्या अँटीव्हायरस कंपनीचा लोगो, तोच जो माझ्या मशीनवर होता.

आता लोक विचारतात की इतकी वर्षं कॉम्प्युटरवर बसतोस, तुला संशय कसा आला नाही? तेच सांगायचंय. संशय आला नाही कारण खरा अँटीव्हायरस पण हेच करत होता! मशीन घेतलं तेव्हा त्यात ट्रायल घालून दिलेली, मुदत संपत आली तसं रोज लाल फुली, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आज पैसे भरले तर निम्म्या किमतीत. मी घाबरून भरले होते. पुढच्या वर्षी परत तेच. म्हणजे लाल चौकट आली की पैसे भरायचे ही सवय मला आधीच लागलेली होती, चोरानं फक्त तसाच लाल रंग वापरला.

एका गुरुवारी मी त्या चौकटीवर क्लिक केलं आणि अख्खी स्क्रीन भरून पान आलं, सायरन सुरू, बाईचा आवाज इंग्लिशमध्ये, कॉम्प्युटर बंद करू नका म्हणून, आणि मधोमध फोन नंबर. माऊस हलवून पण जाईना. दुकानात दोन बायका आधारची झेरॉक्स घ्यायला थांबलेल्या. मी नंबर लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार शांत, सर सर करून. पहिल्यांदा लांबून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप घ्यायला लावलं, त्याचा नंबर वाचून दाखवा म्हणाला, आणि परवानगी दिल्याबरोबर माऊस आपोआप हलायला लागला. त्यानं इव्हेंट व्ह्यूअर म्हणून विंडोजमधलंच एक पान उघडलं. त्यात लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण, खाली खाली जाल तितके, संपतच नाहीत. म्हणाला हा एकेक लाल गोळा म्हणजे एकेकदा हॅकर आत आलाय. नंतर मला कळलं की प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर असे एरर असतातच, काल घेतलेल्या नव्या मशीनवर पण, एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली तरी तिथं नोंद होते. तुम्ही आता स्वतः उघडून बघा. पण तेव्हा ते गोळे बघून माझ्या पोटात गोळा आला.

आणि मग तो जे बोलला त्यानं मी पुरता गार झालो. डेस्कटॉपवर माझं एक फोल्डर आहे, त्यात गिऱ्हाईकांचे स्कॅन केलेले आधार, पासबुक, काम झालं की पुसायचे ते राहून जातात. त्यानं ते उघडून दाखवलं. म्हणाला हे लीक झालं तर पोलीस कुणाच्या दारात येतील? तुमच्या. तीन वर्षांचा प्लॅन ५,९९९ रुपये. यूपीआयनं भरले, नाव कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं, ते मी बघितलं आणि तरी भरले. मग म्हणाला फायरवॉलचे दहा हजार अधिक जीएसटी, ११,८००, हे रिफंड मिळणार. तेही भरले. मग २५,००० मागायला लागला.

तेवढ्यात पुतण्या आला, बेळगावात डिप्लोमाला आहे. स्क्रीनवर माऊस आपोआप हलताना बघून ओरडलाच, "काका, काय करूलालाय तुमी? पहिलं नेट काढा!" आणि त्यानं राऊटरची वायरच ओढली. फोनवरचा माणूस अजून सर सर म्हणत होता.

पुतण्यानंच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला. हा नंबर पाठ करून ठेवा, पैसे गेल्यावर जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण पैसे ज्या खात्यात गेलेत तिथं ते पुढं सरकायच्या आत बँकेला अडवता येतात. माझा अर्धा तास बँकेच्या कस्टमर केअरची गाणी ऐकण्यात गेला, तो आधी इकडं लावायला पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी बेळगावला सीईएन पोलीस ठाण्यात गेलो, तिथं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारी घेतात. तिथल्या पोलिसांनी कन्नडमध्ये लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी रक्कम चुकली होती ती मी दुरुस्त करायला लावली. तुम्ही पण वाचल्याशिवाय सही करू नका, कन्नड येत नसेल तर येणाऱ्याला सोबत घेऊन जा.

रात्री पुतण्यानं मशीन तपासलं. त्या लोकांनी जो प्लॅन म्हणून टाकला होता तो नुसता देखावा निघाला. तपासायला एक साधी युक्ती असते, आयकार टेस्ट फाईल म्हणतात, ६८ अक्षरांची एक ओळ, त्यानं काही बिघडत नाही पण कुठल्याही खऱ्या अँटीव्हायरसनं ती पकडायचीच असते. पुतण्यानं नोटपॅडमध्ये ती ओळ टाकून सेव्ह केली. माझा ५,९९९ चा प्लॅन हिरवा टिक दाखवत गप्प. मग विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू केला, जो त्या माणसानं बोलता बोलता बंद करून ठेवला होता, आणि फाईल दोन सेकंदांत गायब. हा डिफेंडर विंडोजबरोबर फुकट येतो. माझ्यासारख्या दुकानाला तेवढा पुरला असता हे मला कुणी कधी सांगितलंच नाही, ना मशीन विकणाऱ्यानं, ना ट्रायलवाल्यांनी.

आणि लाल चौकटी? तो व्हायरस नव्हताच. मी अलाऊ दाबलं होतं त्या साईटचं नोटिफिकेशन होतं फक्त. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं ती साईट काढून टाकली, विषय संपला. एक पैसा लागला नाही. सायरनचं पान आलं तर एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

मी रागानं ह्या धंद्याबद्दल वाचत बसलो, पुतण्या मराठीत सांगायचा. अमेरिकेत ऑफिस डेपो म्हणून दुकानांची मोठी साखळी आहे. तिथं कॉम्प्युटरची फुकट तपासणी व्हायची, आधी चार प्रश्न, मशीन स्लो आहे का वगैरे. एकाला जरी हो म्हटलं तरी स्कॅनमध्ये काहीही निघो, व्हायरसची लक्षणं आहेत असंच यायचं, आणि दुरुस्तीचं बिल. २०१९ मध्ये त्या दुकानानं अडीच कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमनं एक कोटी डॉलर भरून फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे गिऱ्हाईकांची फसवणूक बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेशी मिटवलं. २०२४ मध्ये अवास्ट ह्या नावाजलेल्या अँटीव्हायरस कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आली, कारण लोक कुठल्या साईट बघतात ती माहिती जंपशॉट नावाच्या आपल्याच कंपनीतून ती विकत होती. राखणदार म्हणून घरात घेतलेला माणूसच असं करणार असेल तर आपण विश्वास ठेवायचा कुणावर, हे मला खरंच कळत नाही. सगळ्याच कंपन्या तशा असं मी म्हणत नाही. पण भीती दाखवून विकायची पद्धत त्यांनी लावली आणि तीच वापरून आमच्यासारख्यांना लुटलं जातं, हे त्यांनी ऐकलं पाहिजे.

माझ्या १७,७९९ पैकी ६,२०० एका खात्यात अडवलेत, ते कोर्टाच्या ऑर्डरनं मिळतील असं सांगितलंय. बाकीचे गेले. आधारचं फोल्डर त्याच रात्री पुसलं, आणि ज्यांचे कागद त्यात होते त्यातल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, लाज वाटली पण सांगितलं. अकरा जण झाले, तीन जणांचा नंबर लागत नाहीये. खानापूर, नंदगड, बिडी भागात कुणाला अशी चौकट येत असेल किंवा पैसे गेले असतील आणि ठाण्यात जायला बिचकत असाल तर माझ्या दुकानात या, मी सोबत येतो. मला पुढच्या सोमवारी तसंही जायचंच आहे.